घेणारा नावे, देणारा जमा

मी बी.कॉम. आहे हे माझ्याकडे बघून कुणाला खरं वाटत नाही, आणि माझ्या घरचा हिशेब बघून तर मुळीच नाही. कॉलेजात जे काही शिकलो त्यातलं आज एकच वाक्य पाठ आहे. व्यक्तिगत खात्याचा नियम : घेणारा नावे, देणारा जमा. बाकी कंपनी कायदा, कॉस्टिंग वगैरे मंडळींना मी परीक्षेच्या हॉलमध्येच निरोप दिला. पदवीवर ‘अमरावती विद्यापीठ’ असं छापलेलं आहे. पुढे २००५ साली त्याच विद्यापीठाला संत गाडगेबाबांचं नाव लागलं. म्हणजे माझ्या पदवीला बाबांचं नाव थोडक्यात हुकलं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे बाबा येणार आहेत आणि ते आले म्हणजे माझी फजिती होणार आहे.

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाबद्दल समाजात दोन गैरसमज आहेत. एक, त्याच्याकडे पैसे असतात. दोन, त्याला पैशातलं कळतं. मी लिपिक. दिवसभर दुसऱ्यांच्या नोटा मोजतो. पंगतीतल्या वाढप्याच्या हातात पण दिवसभर बुंदीचंच भांडं असतं, म्हणून त्याचं पोट भरलेलं असतं असं नाही. पण आमच्या यवतमाळात संध्याकाळी कट्ट्यावर बसणाऱ्या मंडळींनी जेव्हा एक समिती काढली, तेव्हा खजिनदार कोण हा प्रश्न चर्चेलासुद्धा आला नाही. चहा सांगून मंडळी परत वळली तेव्हा मी खजिनदार झालेलो होतो.

समितीचं काम साधं होतं. घाटंजीच्या रस्त्यावर एक गाव आहे. तिथली एक बाई. घरकुल मंजूर झालेलं. सरकारी योजनेचं गणित असं : २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण भागात सुरू झाली तेव्हा सपाट भागातल्या घराला एक लाख वीस हजार रुपये ठरले, आणि घर कमीत कमी पंचवीस चौरस मीटरचं हवं असंही ठरलं. पैसे हप्त्याहप्त्यानं, एक टप्पा बांधायचा, फोटो काढायचा, मग पुढचा हप्ता. बाईच्या भिंती लिंटेलपर्यंत आल्या आणि नवरा आजारी पडला. घराचे हप्ते दवाखान्यात गेले, पाठोपाठ नवराही गेला. आता टप्पा बांधल्याशिवाय हप्ता नाही आणि हप्त्याशिवाय टप्पा नाही. चार भिंती, वर ताडपत्री, आत बाई आणि एक पोरगी. मृगाच्या आत स्लॅब पडला पाहिजे, एवढाच समितीचा जाहीरनामा.

समितीला नाव काय द्यावं यावर तीन संध्याकाळी भांडण झालं. पण कलम ४१ सी नावाची एक भानगड असते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा १९५० सालचा जो कायदा आहे, त्यातल्या या कलमाप्रमाणे नोंदणी नसलेल्यांनी धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते. गणपतीची मंडळं घेतात तीच. त्या अर्जात मी घाईघाईनं एक नाव लिहिलं. कुणालाच ते आवडलं नाही, त्यामुळे भांडण मिटलं.

मग आम्ही निघालो. दारोदार.

वाचकहो, दुसऱ्यासाठी मागणं हे स्वतःसाठी मागण्यापेक्षा सोपं असतं असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर त्यानं कधी मागितलेलं नाही. स्वतःसाठी मागताना निदान चेहरा आपोआप केविलवाणा होतो. दुसऱ्यासाठी मागताना तो करावा लागतो, आणि माझा चेहरा काउंटरवर वीस वर्षं बसून ‘पुढच्या खिडकीवर जा’ एवढंच बोलायला शिकलेला. आमचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त गुरुजी. त्यांनी मला विनोबांचं तंत्र सांगितलं. पवनार काही आम्हाला लांब नाही, शेजारच्याच वर्धा जिल्ह्यातलं. १९५१ सालच्या एप्रिलात तेलंगणातल्या पोचमपल्लीला गावातल्या भूमिहीनांनी ऐंशी एकर मागितले आणि एका जमीनदारानं शंभर देऊ केले. तिथून भूदान सुरू झालं. विनोबा पुढे जमीन मागताना म्हणायचे, तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. म्हणजे भीक नाही, वाटा. गुरुजींना हे फार आवडायचं. मी एका बंगल्यात हा प्रयोग केला. मालकांना म्हटलं, “काका, मला तुमचा मुलगाच समजा.” ते म्हणाले, “आहे तो एकच मला पुरे झालाय,” आणि दार लावून घेतलं.

देणाऱ्यांपेक्षा न देणारे मला जास्त आठवतात; हा बहुधा धंद्याचा परिणाम. एकजण म्हणाले, आत्ताच नवरात्रात देवीला दिले. आमच्या गावचा दुर्गोत्सव मोठा, ते मान्य. पण आम्ही गेलो तेव्हा फेब्रुवारी चालू होता. दुसऱ्यांनी विचारलं, ८०-जीची सवलत मिळेल का? मी म्हटलं, आमची नोंदणीच नाही तर सवलत कुठली? आणि तुम्ही नवीन करप्रणालीत असाल तर ती तशीही मिळत नाही. एवढं ऐकून ते म्हणाले, “मग माझ्या देण्याला अर्थच काय?” तिसरे एक गृहस्थ, तीन मजली घर, खाली दुकानांचे गाळे. त्यांनी चौकशी केली की बाईकडे मोबाईल आहे का. आहे. टीव्ही? होता, विकला. “बघा!” ते म्हणाले. काय बघायचं ते मला अजून कळलेलं नाही. गरीब माणूस आपल्याला कसा पूर्ण गरीब लागतो! जरा कुठे कडेला मोबाईल दिसला की आपली दया परत पाकिटात जाते. मी हसलो खरा. पण कर्जाच्या अर्जाबरोबरची कागदपत्रं मी काउंटरवर याच नजरेनं बघतो, ते त्या जिन्यात उभं असताना आठवलं.

देणारेही होते. एकावन्न, एकशे एक, पाचशे एक. तो वरचा एक रुपया कुणी सोडला नाही. पूर्वी पाकिटात घालून गुपचूप देता यायचं. आता आमचे सहकारी औषधाच्या दुकानवाले. त्यांच्या काउंटरवर आम्ही समितीचा क्यूआर कोड चिकटवला, आणि शेजारी ती बोलणारी डबी. कुणी पैसे टाकले की डबी भर दुकानात ओरडते, ‘इक्यावन रुपये प्राप्त हुए.’ याचे दोन परिणाम झाले. अकरा टाकणारे बंद झाले आणि पाचशे टाकणारे गर्दीच्या वेळी येऊ लागले.

अशा वेळी शेठजी आले. सिमेंट-लोखंडाचे व्यापारी. गुरुजींनी हाक मारली, शेठजी एका क्षणात म्हणाले, “चाळीस पोती देतो.” स्लॅब, गिलावा, सगळं त्यात निघत होतं. मी पावतीपुस्तक उघडलं. “फक्त एक,” शेठजी म्हणाले. “दाराच्या वर संगमरवराची छोटी पाटी. वडिलांच्या स्मरणार्थ. पाटी माझीच, लावणावळ माझी.”

रात्री समितीची बैठक झाली आणि तिथे गाडगेबाबा आले. गुरुजींनी आणले. डेबूजी झिंगराजी जानोरकर, १८७६ साली आमच्याच वऱ्हाडात शेंडगावला जन्मले, १९५६ च्या डिसेंबरात अमरावतीजवळ गेले. हातात खराटा, डोक्यावर गाडगं. लोकांकडून पैसे गोळा करून या माणसानं पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहूला धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतः मात्र धर्मशाळेत न राहता बाहेर झोपडीत पडायचे, असं सांगतात. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ साली त्यांनी सरळ डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. “आणि आपण,” गुरुजी म्हणाले, “चाळीस पोत्यांसाठी दारावर पाटी लावायची?”

मी व्यवहाराची बाजू घेतली. म्हटलं, गुरुजी, सिमेंटला हेतू कळत नाही. नावासाठी दिलेल्या पोत्यातलं सिमेंट कमी घट्ट बसतं असं कुणी मिस्त्री म्हणाल्याचं ऐकिवात नाही. पाऊस आला की त्या पोरीच्या डोक्यावर काय हवं, छप्पर की गीतेचा सतरावा अध्याय? (सतराव्या अध्यायात सात्त्विक, राजस, तामस असे दानाचे तीन प्रकार आहेत, फळाची आशा धरून किंवा जिवावर येऊन दिलेलं ते राजस. ते गुरुजींनी आदल्या दिवशीच ऐकवलं होतं.) मतदान झालं. चार विरुद्ध एक. पाटी मंजूर.

घरी येऊन मी कॉलर ताठ करून हे सांगितलं. आमची मुलगी अकरावीत आहे, मोबाईलवर काहीबाही वाचत असते. ती म्हणाली, “बाबा, बाराव्या शतकात मैमोनिदीज नावाचा एक ज्यू पंडित होता, वैद्यही होता. त्यानं दानाच्या आठ पायऱ्या लिहून ठेवल्यात.” खालची पायरी, कुरकुरत देणारा. वर जाता जाता, देणाऱ्याला घेणारा माहीत नाही आणि घेणाऱ्याला देणारा माहीत नाही. आणि सगळ्यात वर? माणूस स्वतःच्या पायावर उभा राहील असं काम द्यावं, भागीदारी द्यावी, नाहीतर कर्ज द्यावं. कर्ज! मी उडालोच. आठशे वर्षांपूर्वी एका धर्मपंडितानं आमच्या धंद्याला सगळ्यात वरच्या पायरीवर बसवलं होतं! दुसऱ्या दिवशी मी हे साहेबांना सांगितलं. साहेबांनी विचारलं, “व्याजाचं काय म्हणतो तो?” व्याज घ्यायचं नाही म्हणतो, म्हटल्यावर त्यांनी मला पेन्शनची रांग दाखवली.

पाटी तयार झाली आणि ती दाखवायला आम्ही गावी गेलो. दाखवायला म्हणजे लावायलाच. बाईनं चहा केला. मी पाटी भिंतीला टेकवून ठेवली. तिनं ती वाचली.

“मले वाचता येते,” ती म्हणाली. “सातवीपर्यंत शाळेत गेली मी.” मग पुन्हा वाचली. “हे दारावर लावान काय?”

“हो ना. शेठजींचे वडील...”

“भाऊ, राग नोका मानू. माह्या पोरीले पाहाले पाव्हणे येतीन. ते दारात उभे राहून पयले हे वाचतीन. मंग त्याईले काय सांगू? का आमी धर्मशाळेत राह्यतो?”

गुरुजी चहाच्या कपात बघू लागले. मी काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं, “लहान पाटी आहे हो.”

“लहान हाये जी. पन घरबी लहानच हाये.”

परतीच्या वाटेवर एसटीत कुणी बोललं नाही. बैठकीत आम्ही बाबांवरून इतका वाद घातला, पण ते धर्मशाळा बांधत होते आणि आम्ही घर, हा साधा फरक आमच्या पाचजणांत कुणाला सुचला नव्हता. धर्मशाळेत माणूस रात्री येतो, सकाळी जातो. दारावर कुणाचं का नाव असेना. घरात तो राहतो. रोज बाहेर पडताना आणि रोज आत येताना त्या बाईनं दुसऱ्याच्या वडिलांच्या स्मृतीखालून वाकून जायचं. आणि मला माझं स्वतःचं घर आठवलं. स्टाफ हाउसिंग लोन. विटेन् वीट बँकेची, हप्ते अजून चालू. कागदपत्रं बँकेच्या तिजोरीत. पण दारावर पाटी कुणाची? माझी. पितळेची, ‘बी.कॉम.’सकट. कर्ज देणाऱ्या बँकेनं दारावर ‘अमुक शाखेच्या कृपेने’ असं लावलं असतं तर मी घरात असा बनियनवर वावरलो असतो का? त्या मैमोनिदीजनं कर्ज वरच्या पायरीवर का ठेवलं असावं, त्याचा मला एसटीत थोडा उलगडा झाला.

आणखी एक उलगडा झाला, तो जास्त त्रासाचा. घेणारा नावे, देणारा जमा. वीस वर्षं हे वाक्य मी घोकतो आहे. ज्याच्या नावे पडतं तो घेणारा. मग ज्याला नाव पाहिजे तो कोण? चाळीस पोत्यांत वडिलांचं नाव एका दारावर कायमचं! दत्त चौकात होर्डिंग लावायला काय पडतं ते विचारून बघा; हा सौदा स्वस्त होता. शेठजी देणारे नव्हतेच, ते गिऱ्हाईक होते. आणि आम्ही त्यांना विकत काय होतो? बाईचं दार. जे आमचं नव्हतंच.

पाटी परत द्यायला कोण जाणार? खजिनदार.

शेठजींच्या दुकानात मी हे सगळं मनात नीट मांडून गेलो होतो, नावे-जमासकट. बोलायची वेळ आली तेव्हा एवढंच म्हटलं की बाईला पाटी नको आहे. शेठजींनी पाटी हातात घेतली, पुसली. मला वाटलं होतं चिडतील. ते म्हणाले, “आमचे वडील एक पेटी घेऊन या गावात आले. अकरा घरं बदलली. सगळी भाड्याची. दारावर नाव लावू का म्हणून ते प्रत्येक मालकाला विचारायचे. एकानंही लावू दिलं नाही. वारले तेपण भाड्याच्याच घरात.” मग म्हणाले, “मी बंगला बांधला तेव्हा ते नव्हते. माझ्या बंगल्यावर त्यांचं नाव लावून काय उपयोग? ते माझं घर. मला वाटलं, कुणाच्या तरी साध्या घरावर...”

यावर काय बोलायचं ते बी.कॉम.ला नव्हतं. मला वाटलं, ह्या दोघांची समोरासमोर गाठ घालून द्यावी. बाईला जे हवं होतं तेच या माणसाच्या बापाला हवं होतं, आपल्या दारावर आपलं नाव. पण अशा गाठी सिनेमात पडतात. शेठजींनी वीस पोती पाठवली, चाळीस नाही. ती दिलीच पाहिजेत असंही नव्हतं. त्यानंतर बँकेत आले की ते शेजारच्या खिडकीवर जातात.

वीस पोती कमी पडली. मे संपत आलेला, सेंट्रिंगवाला रोज फोन करतोय. समितीची बैठक. गुरुजींनी पावतीपुस्तकं मागवली आणि चष्मा लावून एकेक पान बघायला लागले. शेवटी म्हणाले, “खजिनदार, तुमची पावती कितव्या नंबरची?”

वाचकहो, चार महिने मी मागत होतो. किती दारांवर गेलो, न देणाऱ्यांची नक्कल करून कट्ट्यावर किती हशा मिळवला. त्या तीन मजली गृहस्थांची नक्कल तर फर्माईश करून करून घ्यायचे. आणि माझी पावतीच नव्हती. मी म्हटलं, “गुरुजी, मी वेळ दिला.” गुरुजी काही म्हणाले नाहीत. हेडमास्तरकी केलेली माणसं गप्प बसायला शिकलेली असतात.

दुसऱ्या दिवशी पाच हजार काढले. पावती फाडताना नाव लिहायची वेळ आली. आठ पायऱ्या आठवल्या, पाटी आठवली, आणि लिहिलं, ‘एक हितचिंतक’. छान वाटलं. संध्याकाळपर्यंत छानच वाटत होतं. रात्री जेवताना मी सहज आमच्या हिला सांगितलं. सकाळी औषधाच्या दुकानात सहज. दुपारी कॅशियरला, तेही अगदी सहज. तिसऱ्या दिवशी ही म्हणाली, “अहो, हितचिंतक हितचिंतक काय करताय? त्यापेक्षा पाटी लावा.”

उरलेले पैसे कसे जमले ते सांगत बसत नाही. काही गुरुजींच्या पेन्शनमधून आले हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, म्हणून मीही इथे लिहायला नको होतं. स्लॅब मृगाच्या चार दिवस आधी पडला. मुंबईकडे पाऊस लवकर येतो, आमच्याकडे तो विचार करून येतो. त्या वर्षी त्यानं बराच विचार केला, तेवढ्यात स्लॅबला पाणी मारून झालं.

आम्ही बघायला गेलो तेव्हा दाराच्या वर अजून कच्चं सिमेंट होतं. नाव नव्हतं, बहुतेक रंगाला पैसे नव्हते. बाईनं पुन्हा चहा केला. आम्ही निघालो तशी पदराची गाठ सोडून तिनं एकशे एक रुपये माझ्यापुढे धरले.

“माह्यंबी लिवा.”

“अहो ताई, हे तुमच्याच घरासाठी...”

“ह्या घराचे नाही देत मी. पुढच्या घराले. कोनाचं तं असन ना आणिक.” आणि मग, “पावती पाह्यजे जी मले. नाव टाका.”

मी पावती फाडली. पूर्ण नाव लिहिलं, तिनं दोनदा वाचून बघितलं, ‘श्रीमती’ राहिलं होतं ते घालायला लावलं. पण समितीचा हिशेब एकाच घराचा होता; पुढचं घर असं काही ठरावात नव्हतं, अजून नाही. कट्ट्यावर विषय निघतो आणि चहा येतो. परवानगीची मुदत संपायच्या आत हिशेब द्यायचा होता, तो मी दिला. एका बाजूला खर्च, दुसऱ्या बाजूला वर्गणी, आणि एकशे एक रुपये जास्त. कार्यालयातल्या कारकुनानं विचारलं, हे काय? मी म्हटलं, एका देणगीदाराचे आहेत, पुढच्या कामासाठी. त्यानं विचारलं, पुढचं काम कोणतं?

सध्या ते सस्पेन्स खात्यात आहेत.